एकाच पत्त्यावरून

ठकीच्या झोपा मी मोजते. सकाळची चाळीस मिनिटांची, दुपारची कधी दीड तासाची तर कधी वीस मिनिटांत आटोपणारी. बाकीचे लोक काम तासांत सांगतात, मी झोपांत सांगते. त्यामुळे दोननं जेव्हा विचारलं, "नव्या मशीनवर सगळं हलवायला किती वेळ लागेल गं?" तेव्हा मी म्हणाले, "चार झोपा. ठकीला सर्दी झाली नाही तर."

दोन म्हणजे पेटी दोनची आई. आम्ही सगळ्या अशा आकड्यांच्याच. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं ज्या वॉर्डात काचेच्या पेट्यांत ठेवतात, तिथं आईचं नाव कुणी घेत नाही. सिस्टर दारातून हाक मारते, "चार, दूध आणलं का?" आणि आपण उठतो. मोबाइल बाहेरच्या कपाटात, चप्पल बाहेर, घड्याळ बाहेर. ठकी एक्केचाळीस दिवस पेटी चारमध्ये होती. आता ती दहा महिन्यांची आहे, लॅपटॉपची वायर हिसकून काढण्याइतकी दणकट. पण सदतीस बायकांना मी अजून चारच आहे.

या सदतीस जणींचं आणि माझं मिळून एक छोटं सोशल नेटवर्क आहे. आधी आम्ही जिथं सगळं जग असतं त्या मोठ्या नेटवर्कवरच एक गट काढला होता. तिथून तेराच्या बाळाचा नळ्या लावलेला फोटो कुणीतरी उचलला आणि खाली भलतंच नाव, भलताच आजार लिहून फिरवला. फिरत फिरत तो तेराच्याच मावससासूबाईंनी तिला पाठवला, "बघ गं, कुणाचं बिचारं" म्हणून. त्या आठवड्यात आम्ही तिथून उठलो. असं नेटवर्क चालवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आपलं एक मशीन असलं की झालं. दोनच्या नवऱ्याच्या संस्थेनं मशीन दिलं, त्यानंच सगळं बसवून दिलं, आणि महिन्याभरात त्याला कंटाळा आल्यावर देखभाल माझ्या गळ्यात पडली. मी कॉलेजात सांख्यिकी शिकले. सर्व्हरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण मला नोंदी ठेवायची आणि वाचायची खोड आहे, आणि सर्व्हर सांभाळणं म्हणजे निम्मं काम तेच असतं.

आता ती संस्था जागा बदलत होती. गुरुवारी दुपारी बारा वाजता मशीन बंद होणार होतं.

आणि त्याच गुरुवारी नऊ घरी जाणार होती.

नऊचं बाळ आमच्यात सगळ्यांत जास्त दिवस पेटीत होतं. त्र्याहत्तर दिवस. नऊ फारशी बोलायची नाही. वॉर्डातल्या बाकावर ती बसलेली असली तरी बाक रिकामा आहे असं वाटायचं. आमच्या नेटवर्कच्या पानावरही ती रोज एकच गोष्ट लिहायची, बाळाचं वजन. "१४१०." दुसऱ्या दिवशी "१४२५." आणि वजन घटलं असेल त्या दिवशी काहीच नाही. तिचा नंबर कुणाकडेच नव्हता. तिनं दिला नाही आणि आम्ही मागितला नाही. मागितला असता तर ती कदाचित पानावरूनही उठून गेली असती.

आमच्यात एक रीत आहे. बाळ घरी जातं त्या दिवशी त्या आईला आम्ही सोबत देतो. म्हणजे पहिले चोवीस तास कुणी ना कुणी पान उघडून बसलेलं असतं. पाळ्या लावलेल्या असतात. कारण वॉर्डात असताना बाळाच्या प्रत्येक श्वासाला एक यंत्र टुकटुक करत असतं, आणि घरी आल्यावर जी शांतता होते ना, ती भल्याभल्यांना सोसत नाही. मी घरी आले त्या दिवशी एकशे बारा प्रश्न विचारले होते. "पापणी लवतेय, हे बरोबर आहे का?" हासुद्धा त्यातलाच. अकरानं उत्तर दिलं होतं, "लवली नाही तर सांग."

नऊचा नवरा बाहेरगावी कामावर होता, संध्याकाळपर्यंत येणार होता. म्हणजे दुपारी एकपासून ती आणि बाळ, दोघंच. आणि आमचं पान. ते पान तोवर उभं राहायला हवं होतं, एवढंच माझं काम होतं.

नवं मशीन भाऊजींनी दिलं. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, त्यांचा एक जुना पण धट्टाकट्टा संगणक चोवीस तास चालू असतो. गिऱ्हाईक घरबसल्या बघतं, आपला चष्मा झाला का नाही.

"घे की," भाऊजी म्हणाले. "नाहीतरी तो दिवसभर माश्या मारत असतो. फक्त एक अट, इंजिनिअरबाई. माझं चष्म्याचं पान एक मिनिट बंद पडता कामा नये."

"मी इंजिनिअर नाहीये, भाऊजी."

"ते मला माहितेय. म्हणून तर अट घालतोय."

अडचण वेगळीच निघाली. वेब सर्व्हर म्हणजे दारावरचा माणूस. बाहेरून येणाऱ्याला विचारायचं, कुठं जायचंय, आणि आत त्या त्या खोलीकडे धाडायचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत एक नेहमीचा वेब सर्व्हर गृहीत धरलेला आहे. तो असेल तर तयार फाइल उचलायची, नाव बदलायचं, काम झालं. भाऊजींच्या मशीनच्या दारावर मात्र दुसराच बसलेला होता. ज्या माणसानं तो बसवला होता, तो केव्हाच दूरदेशी निघून गेला होता. आणि एका दारावर दोघं बसवता येत नाहीत. म्हणजे आहे त्यालाच आमची भाषा शिकवायची. मार्गदर्शिकेतली एकेक ओळ घ्यायची, ती काय सांगते ते समजून घ्यायचं आणि या दुसऱ्याच्या पद्धतीनं लिहायची.

बुधवारच्या दोन झोपा त्यात गेल्या. मी एका कागदावर डावीकडे मूळ ओळी उतरवल्या, उजवीकडे आमच्या. झालेल्या ओळीवर बरोबरची खूण. सासूबाई चहा ठेवायला आल्या आणि कागदावर वाकल्या.

"हे काय, ठकीच्या दुधाचा तक्ता?"

"नाही आई, सर्व्हरचा."

"त्यालाही तक्ता?" त्यांनी कप माझ्यापासून लांब, वायरींच्या पलीकडे ठेवला. "बरंय. एका लेकराचं भागत नव्हतं तुझं."

गुरुवारी सकाळी ठकी दहाला झोपली. मी नवी फाइल चढवली, सर्व्हरला ती वाचायला लावली, आणि तीन मिनिटांत भाऊजींचा फोन.

"अगं, काय केलंस? समोर एक आजोबा उभे आहेत. म्हणताहेत, तुमच्या पानावर चष्म्याचा नंबर टाकला तर ते विचारतंय, 'तुमची पेटी कोणती आणि बाळ किती ग्रॅमचं?'"

"अरे देवा. दोन मिनिटं द्या, भाऊजी."

"देतो. आजोबा म्हणतात, बाळ पंचावन्न वर्षांचं आहे, ग्रॅममध्ये मोजलं नाही कधी."

मी आमचं नाव वर आणि त्यांचं खाली लिहिलं होतं; दारावरच्यानं पहिलं दिसलं त्या खोलीकडे सगळ्यांना हाकललं होतं. दोन्ही नावं वेगवेगळी, नीट सांगून लिहिली, तसं आजोबांना त्यांचा चष्मा दिसला. तयार होता म्हणे. मी पुढं गेले. फोटोंची खोली. खूण. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र. खूण. मोठा फोटो आला तर परत पाठवू नको. खूण. त्यानंतरची ओळ होती, आत धाडताना येणाऱ्याचा मूळ पत्ता बरोबर द्यावा, अशा अर्थाची. नेहमीच्या वेब सर्व्हरच्या फाइलीत ती एका शब्दात होते. आमच्याकडे ती कशी लिहायची ते मी शोधत होते आणि तेवढ्यात ठकी कुशीवर वळली. पुढचं रडणं साधारण तीस सेकंदांवर असतं. मी कागदावर त्या ओळीपुढं टिंब दिलं, परत यायचं म्हणून, आणि लॅपटॉप मिटला.

बाराला जुनं मशीन बंद झालं. दोननं लिहिलं, "गेलं. मला उगाच रडू येतंय." मी आमचा पत्ता भाऊजींच्या मशीनकडे वळवला. ठकी मांडीवर, तिच्या हातात लाकडी चमचा, आणि तो चमचा दर चौथ्या अक्षराला कळफलकावर. साडेबाराला पान उघडलं. जसंच्या तसं. मी ठकीसकट उठून उभी राहिले आणि ओरडले, ठकी दचकली, सासूबाई स्वयंपाकघरातून, "काय पडलं?"

नवे संदेश मात्र आपोआप दिसत नव्हते. पान परत परत उघडावं लागत होतं. म्हणजे ताज्या निरोपांची जी वेगळी वाट असते ती मी दारावरच्याला दाखवलीच नव्हती. ती दाखवली. अकरानं "आले" लिहिलं आणि ते माझ्यासमोर टपकन उमटलं.

आता खबरदारी. हे मी आधीच ठरवलं होतं: नव्या घरात जुन्या किल्ल्या चालवायच्या नाहीत. प्रत्येकीनं नव्यानं आपलं नाव आणि पासवर्ड टाकून आत यायचं. आणि पासवर्ड चुकला तर त्याची नोंद व्हायची. तेराच्या त्या फोटोनंतर मला कुणाचाही भरवसा वाटत नाही. दाराला किती कड्या लावल्या म्हणजे झोप लागेल याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

सव्वाएकला ठकी दुपारची झोपली. मी पलंगाच्या कडेला बसून नोंदी उघडल्या. काळ्या पडद्यावर एकामागून एक ओळ सरकत असते: वेळ, पत्ता, काय मागितलं, मिळालं की नाही. मला ते बघायला आवडतं. झोपलेल्या बाळाची छाती वरखाली होताना बघावी, तसं.

आणि मग मला तो दिसला.

एकच पत्ता. एकशे बहात्तरनं सुरू होणारा. मिनिटाला तीन-चार वेळा लॉगइनच्या दारात. आधी सहाच्या नावानं, चुकला. मग वीसच्या नावानं, चुकला. परत वीस. मग तेरा. मग सतरा. मी मोजलं: पंधरा मिनिटांत त्रेचाळीस प्रयत्न, त्यातले एकोणतीस चुकलेले. कुणीतरी एकजण, एकाच जागी बसून, आमची नावं एकेक करून चालवून बघत होता. आणि एकोणतीस चुकले म्हणजे चौदा लागले होते. तेराच्या नावानंसुद्धा तो आत गेला होता.

माझं धाबं दणाणलं. आपल्या स्वतःच्या मशीनचा आतला पत्ता एकशे सत्तावीसनं सुरू होतो, हे मला माहीत होतं. हा तो नव्हता. म्हणजे बाहेरचा. मी सांख्यिकी शिकलेली बाई, एकाच ठिकाणाहून असा ढीग योगायोगानं पडत नाही एवढं मला कळतं. मी व्यवस्थापकाचं पान उघडलं, तो पत्ता टाकला, "प्रवेश पूर्ण बंद" निवडलं, कारणाच्या चौकटीत "घुसखोर" असं लिहिलं आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावरच्या ओळी पुढं सरकत होत्या, पण आता प्रत्येकीपुढं एकच शब्द: नाकारला. नाकारला. नाकारला. खरं सांगते, मला त्या शब्दानं गार वाटलं. एक वाजून अडतीस मिनिटं झाली होती. ठकी जागी झाली, नेहमीपेक्षा फारच लवकर, आणि मी लॅपटॉप मिटून तिला उचललं. कुस्करलेलं केळं. अंघोळ. केळं केसांतून काढणं. सासूबाईंना सांगितलंही, "आई, आज एकाला घुसता घुसता अडवलं."

"कुठं? दारात?" त्या तडक उठून कडी बघून आल्या.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. अकरा. तिला जुळी आहेत, त्यामुळे तिच्या फोनवर बोलणं म्हणजे दोन रडण्यांच्या मधल्या फटीतून बोलणं.

"अगं चार, मी कधीची बाहेर आहे. मला आत घेईना. मला वाटलं आमचंच नेट गेलं, तीनदा बंद-चालू करून झालं. नवऱ्यालाही बोलून घेतलं."

"काय लिहून येतंय?"

"प्रवेश नाही. बास. सहाला फोन केला, तिचंही तेच. वीसचंही. तिनं पासवर्ड सात वेळा टाकला मघाशी, आठव्यांदा लागला आणि दहा मिनिटांत बाहेर. तिला तर वाटतंय तू तिला शिक्षा केलीस."

मी लॅपटॉप उघडला. माझं स्वतःचं पान. "प्रवेश नाही."

मग सकाळचा कागद हातात घेतला. एक ओळ सोडून सगळ्यांपुढं बरोबरची खूण. त्या एका ओळीपुढं टिंब.

मूळ पत्ता बरोबर द्यावा. तो मी दिलाच नव्हता. आमचं सॉफ्टवेअर त्या मशीनमध्ये स्वतःच्या बंद खोलीत चालतं, आणि त्या खोलीतून बघितलं तर दारावरच्या माणसाचा पत्ता एकशे बहात्तरनं सुरू होतो. येणाऱ्या प्रत्येकीला तोच आत आणून सोडत होता आणि कोण कुठून आली ते सांगत नव्हता. आतल्याला सगळ्यांचं तोंड एकच दिसत होतं. सहा, वीस, तेरा, सतरा. अर्धवट झोपेत, एका हातात बाळ धरून, पासवर्ड आठवत, चुकत, परत टाकत. त्रेचाळीस वेळा. ती सगळी मिळून माझा घुसखोर.

"अकरा," मी म्हणाले, "मी तुम्हा सगळ्यांना मिळून हाकलून दिलंय."

"काय?"

"आणि मलाही."

पलीकडे जुळ्यांपैकी एकानं भोकाड पसरलं, आणि त्या आवाजातूनही अकरा हसल्याचं मला ऐकू आलं. मग ती एकदम थांबली. "चार. नऊ."

"माहितेय," मी म्हणाले. "ठेव फोन."

ठकीला मी सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ठकीला खिडकीशी घेऊन गेल्या आणि रस्त्यावरच्या सायकली दाखवायला लागल्या.

पान बंद असलं तरी मशीनच्या काळ्या पडद्यावरून आत जाता येत होतं, तिथं वेब सर्व्हरचा संबंध नसतो. मी आधी ती ओळ लिहिली. मग घाई करू नको, असं स्वतःला मोठ्यानं म्हणून फाइल तपासून घेतली. सर्व्हरनं ठीक आहे म्हटल्यावरच ती लागू केली, आणि तीही त्याला बंद न करता, भाऊजींचं पान हलायला नको म्हणून. मग आतून आज्ञा देऊन ती बंदी काढली. यादीत तिच्यापुढं माझाच शब्द होता, "घुसखोर". तो पुसताना मला त्याच्याकडे बघवेना.

तीन वाजून पाच मिनिटं. काळ्या पडद्यावर ओळी परत चालू झाल्या, आणि आता प्रत्येकीचा पत्ता वेगळा. कुणाचा लांबलचक, कुणाचा आखूड. अकरा आली. सहा आली. वीस आली आणि लिहिलं, "माझं काय चुकलं?" मी लिहिलं, "तुझं काही नाही. सगळं माझं. नंतर सांगते. नऊला कुणी पाहिलं का?"

कुणी पाहिलं नव्हतं. नोंदी मागं नेऊन बघितल्या. नऊच्या नावानं एक चाळीसला एक प्रयत्न. नाकारला. एक बेचाळीसला दुसरा. नाकारला. मग काही नाही.

मी बंदी घातल्यावर दोन मिनिटांनी ती आली होती. बाळाला खाली ठेवलं असेल, हात धुतले असतील आणि लगेच.

मी दहा मिनिटं वाट बघितली. नऊ दोनदा दार वाजवून निघून जाणारी बाई आहे, तिसऱ्यांदा वाजवणारी नाही, हे मला कळत होतं. शेवटी मी वॉर्डात फोन लावला. ठकीला घरी आणल्यानंतर तिकडं फोन करायची माझी छाती झाली नव्हती. ती टुकटुक परत ऐकायची नव्हती. मोठ्या सिस्टरनं उचलला.

"सिस्टर, मी चार बोलतेय. म्हणजे, आधीची चार."

"बोल गं. कशी आहे तुझी बया?"

"केळं खाते. सिस्टर, आज नऊ घरी गेली ना, तिचा नंबर हवा होता."

"तो देता येत नाही. माहितेय ना तुला?"

"मग तुम्ही तिला फोन कराल का? एवढंच सांगा, पान बिघडलं होतं आणि ते चारनं बिघडवलं. तिला कुणी काढलेलं नाही. परत ये म्हणावं."

मागं यंत्रं टुकटुकत होती. "काढलेलं नाही, असंच सांगू?"

"हो. असंच."

"बरं. एकाला औषध देते आणि करते."

तीन सदतीसला नऊ आली. तिनं वजन लिहिलं नाही. तिनं लिहिलं:

"मला वाटलं घरी गेलं की काढून टाकतात. पेटी रिकामी झाली म्हणून. मी म्हटलं नियम असेल."

लिहायचं मलाच होतं, तर मी लिहिलं.

"नियम नाही. मी चुकले. तुम्ही सगळ्या एकाच पत्त्यावरून येताय असं मला दिसत होतं, आणि मी घाबरून तो पत्ता बंद केला. तुम्हाला सगळ्यांना मी चोर समजले. आणि तू आलीस तेव्हा दार मीच लावलेलं होतं. नऊ, माफ कर."

सहानं लिहिलं, "चोर तर चोर, पासवर्ड तरी धड येणारा चोर असता."

वीसनं लिहिलं, "मला आठव्यांदा आला होता."

त्याच्या खालोखाल नऊ: "एक विचारू का? ती बाराला प्यायली. अजून उठलीच नाही. साडेतीन तास झाले. तिथं सिस्टर उठवायच्या. मी उठवायला हात लावला आणि काढून घेतला. झोपलीये का, काय ते कळत नाही. श्वास चालू आहे. मी मोजतेय."

उत्तरं एकदम आली, एकमेकींच्या अंगावर पडत. उठव. उठवायचंच, तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. दुपटं काढ. पायांचे तळवे चोळ. लंगोट बदल, माझी त्याशिवाय डोळा उघडायची नाही. ओला कापूस कानामागं. दोननं लिहिलं, "बिनधास्त उठव, तिला राग येतो का बघ. राग आला म्हणजे छान." आणि अकरानं, सगळ्यांच्या शेवटी, "नाहीच उठली किंवा ढिली वाटली तर इथं लिहीत बसू नकोस. वॉर्डात फोन कर. पण उठेल."

मी पान उघडं ठेवून घड्याळ बघत राहिले.

चार मिनिटं गेली. सासूबाई ठकीला घेऊन माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढून.

"उठली का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वाचताय?"

"मोठी अक्षरं आहेत. उठली का?"

मग नऊचं आलं: "उठली. ओरडतेय माझ्यावर."

आणि पाठोपाठ, "तीस मिली घेतलं. पस्तीसातलं तीस."

पानावर जो काही गोंधळ झाला तो मी इथं लिहीत नाही. भाऊजींच्या त्या जुन्या संगणकानं चष्म्याचं दुकान सांभाळताना एवढा कालवा कधी ऐकला नसेल. थोड्या वेळानं तो ओसरला. एकीचं बाळ, दुसरीचं जेवण, तिसरीच्या घरी कुणी आलं. तीनपासून सहापर्यंतची पाळी माझी होती, त्यामुळे मी बसून राहिले. नऊनं पुढं काही लिहिलं नाही.

मी काळा पडदा उघडला. पान उघडं असलं, की ते दर तीस सेकंदांनी सर्व्हरला एक बारीकसा निरोप पाठवतं, मी आहे, असा. त्यात मजकूर नसतो. नुसती एक ओळ: वेळ आणि पत्ता. आता पत्ते वेगवेगळे होते म्हणून नऊचा ओळखता येत होता. तीस सेकंद. आली. तीस सेकंद. आली.

ठकी सासूबाईंच्या खांद्यावर डोळे चोळायला लागली. त्यांनी तिला थोपटत थोपटत विचारलं, "काय बघतेस गं एवढं?"

"नऊ आहे."

"काय म्हणतेय?"

"काही नाही, आई. आहे."

त्यांनी खुर्ची ओढली आणि ठकीला आडवं घेऊन माझ्या शेजारी बसल्या.